डावा हात मांडीवर

गास गावातल्या एका बाईला मागच्या महिन्यात माझ्यासारखीच गाठ निघाली. कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं, म्हणून मी भेटायला गेले. तिच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, कुंपणाजवळच्या मोगऱ्याकडे बघत राहिले आणि "येते हां" म्हणून उठून आले. जे सांगायला गेले होते त्यातला एक शब्दही तोंडातून निघाला नाही. मी लहानपणापासून अशीच आहे. चार माणसं दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्या दिवशी तर एकच बाई होती, आणि तीही रडत होती.

म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, पुस्तक रोज उघडते, त्यामुळे अक्षरं अजून मला ओळखतात. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे शाळेत शिकले तसं लिहायचा प्रयत्न करते. हे छापायला नाही. हे त्या बाईसाठी आहे. तिला वाटलं तर ती पुढे दुसरीला देईल.

औषधांची नावं मी सांगणार नाही. ती डॉक्टर सांगतात, आणि आपल्याला तशीही लक्षात राहत नाहीत.

*

आधी फुग्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या ख्रिस्ती लग्नात फुगे लागतातच. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, आणि पीठ फुगायला थोडी माडी. पीठ सैल असतं, लाटता येत नाही. डाव्या मुठीत घ्यायचं आणि मूठ हळूहळू आवळायची. अंगठा आणि बोट यांच्यामधून गोळा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडायचा. बरोबर जमला तर तो तेलात फुगतो आणि स्वतःच कूस बदलतो. नाही जमला तर त्याला शेपटी राहते.

माझ्या फुग्यांना शेपटी नसायची. लग्नाच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका मांडवात जमत, गाणी म्हणत, एकमेकींची थट्टा करत, आणि मी कढईपाशी बसायचे. मला कोणी बोलायला सांगत नसे. डावी मूठ चालू असली की माझी गणती आळीत व्हायची. मुलं मला फुगेवाली काकी म्हणत. नवीन लग्न ठरलं की हॉल कुठला हे नंतर, "रेजिनला सांगितलं का?" हे आधी.

माझ्यासारख्या गप्प बाईला तेवढं पुरत होतं. खरं तर माझ्याकडे तेवढंच होतं.

*

गाठ डाव्या बाजूला होती. आंघोळ करताना हाताला लागली. नातालच्या सुमाराला आमच्याकडे लग्नांची गर्दी असते, तेव्हा मी कोणाला काही बोलले नाही. मग एका दुपारी इनासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो वाडीत केळींना पाणी लावत होता. त्याने पाणी तसंच सोडून दिलं आणि मला म्हणाला, "चल." कुठे, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट घ्यायला आम्ही इस्पितळात गेलो. इनासने डॉक्टरबाईंसाठी वेलची केळ्यांची फणी नेली होती. आमच्याकडे कोणाकडे हात हलवत जात नाहीत. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, माझ्याकडे बघून नीट मराठीत सांगितलं. काय आहे, कुठवर आहे, आधी ऑपरेशन, मग केमो, मग किरणांचा शेक. मला शेवटचा शब्दच ऐकू आला. वाटलं, शेक तर घरीच देता येईल.

इनास फणी मांडीवर धरून बसला होता. डॉक्टरबाईंचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, केळी आहेत. वाडीतली. औषध नाही मारलेलं."

"दादा, घरी न्या. यांना द्या खायला."

"नाही, तुमच्यासाठीच आणली," तो म्हणाला आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. फणी टेबलावर ठेवून तो बाहेर गेला. चष्मा खुर्चीवरच राहिला. मी तो उचलून पदरात घेतला. त्या दिवसाचं मला सर्वांत जास्त काय आठवतं, तर पदरातला तो चष्मा. नवऱ्याला दिसत नाहीये आणि आपल्याला घरी जायचंय, एवढंच डोक्यात होतं.

घरी सासूबाई, त्यांना आम्ही आय म्हणतो, ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. आळीत अजून लाल लुगडं नेसणाऱ्या शेवटच्या दोघीतिघींपैकी त्या एक. इनासने सांगितलं. आयने वालाचं सुपडं बाजूला सारलं.

"आपल्यात कोणाला नव्हतं हे," एवढंच म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. मला ते लागलं. जणू मीच बाहेरून काहीतरी घरात आणलं होतं. पण संध्याकाळी भांडी घासताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "केस जातात म्हनं त्याच्यात. गेले तर जाऊ दे. माझं जुनं लुगडं मऊ झालंय. डोक्याला बांधायला फाडून देईन तुला."

आणि खरंच त्यांनी दिलं.

*

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. शुद्धीवर आले तेव्हा डावा हात उशीवर ठेवलेला होता, आणि तो माझा वाटत नव्हता. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी भिंतीवर बोटं चालवायला लावायची, पाल चढते तशी. तिने सांगितलं, "काकी, या हाताला आता जपायचं. वजन नाही, चटका नाही, जखम नाही. रक्तदाबसुद्धा उजव्या हातावर मोजायचा."

मी मान हलवली. चटका नाही. मनात कढई आली आणि मी दुसरीकडे बघितलं.

केमोच्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती. तिथे दुसऱ्या केमोला शेजारच्या खुर्चीत मला मालतीताई भेटल्या. तुळिंजला राहतात, मूळच्या कोकणातल्या. मुलगा बँकेत. त्या माझ्या अगदी उलट. सुई टोचायच्या आधीच बोलायला लागत आणि सुई काढली तरी थांबत नसत.

त्या पहिल्याच भेटीत माझ्या डोक्यावरचं लाल कापड बघून म्हणाल्या, "हे काय हो? चौकडा भारी आहे. कुठल्या दुकानातलं?"

"सासूचं लुगडं आहे."

"अगं बाई! जिवंत आहेत ना?"

"आहेत. त्यांनीच फाडून दिलं."

"नशीबवान आहात. माझी सासू असती तर मलाच फाडून ठेवलं असतं."

मला इतकं हसू आलं की नर्सला वाटलं मला त्रास होतोय. ती धावत आली. आजार सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. त्यानंतर आमच्या तारखा एकाच दिवशी याव्यात म्हणून मालतीताई काउंटरवर जाऊन भांडायच्या. तोंडाला चव नसायची तेव्हा त्या घरून मऊ घावणे आणायच्या, मी केळी न्यायचे. देवाची दया म्हणतात ती मला त्या खोलीत बहुतेक डब्यातून मिळाली.

भीती वाटायची का? वाटायची. मिस्सेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' म्हणताना मी नेमकं काय मागते आहे हे कळेनासं व्हायचं. दुपारी घर शांत झालं की जास्त. तेव्हा मी वाडीत जाऊन इनासजवळ बसायचे. तो पाट वळवायचा, मी बघायचे. तेवढ्याने दुपार सरायची.

*

याच काळात मला एक नवीन गोष्ट कळली. आजारी माणसाला नुसतं आजारी राहू देत नाहीत.

माझी मुलगी प्रीती नायगावला टॉवरमध्ये राहते, नोकरी करते. रोज फोनवर म्हणायची, "मम्मी, तू फायटर आहेस!" ती प्रेमानेच म्हणायची. पण मला भांडता कुठे येतं? भाजीवाल्याशीही मी घासाघीस करत नाही. फोन ठेवला की मला वाटायचं, आज मी ओकून आडवी पडले, म्हणजे आज मी हरले.

प्रार्थनेच्या गटातली एक बाई घरी आली. डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाय, पक्का विश्वास असेल तर एक केस गळणार नाही बघ." पुढच्या आठवड्यात उशीवर सगळे केस. ती पुन्हा आली तेव्हा मी डोकं झाकून आत बसले, जणू चोरी केली होती. आयने तिला दारातूनच परत पाठवलं. "केस तुझे बघ आधी," म्हणाल्या, "तेलाशिवाय कसे झालेत."

बाहेरचेच असं करत होते असं नाही. मीही करत होते. केमो आणि शेक संपल्यावर अंगात जरा बळ आलं. एका सकाळी थोरली जाऊ, मार्सेलिनवहिनी, अंगणात आली होती. तिचं घर आमच्या घराला लागूनच आहे. ती नुसतंच म्हणाली, "रेजिन, किती दिवस बसून काढशील गं?" तिच्या मनात काही नसेलही. पण ती बघत असताना मी विहिरीवरची भरलेली बादली डाव्या हाताने उचलली आणि मोरीपर्यंत नेली. तिने बघितलं की नाही, तेही माहीत नाही.

संध्याकाळी हात सुजला. मनगटापासून कोपरापर्यंत भिजवलेल्या कणकेसारखा. लग्नाची अंगठी बोटात रुतली. साबण लावला, दोरा गुंडाळला, काही केल्या निघेना. शेवटी बाजारातल्या सोनाराने ती कापली. छोटा चिमटा, एक बारीक आवाज, आणि अंगठी उघडून त्याच्या तळहातावर पडली. इतक्या वर्षांत ती कधी उतरवली नव्हती. मी तिथेच रडायला लागले.

इनासने ती रुमालात बांधली. "बोट आहे ना?" तो म्हणाला. "मग झालं तर."

डॉक्टरबाई मात्र चिडल्या. "या वेळेला सूज उतरेल. पुन्हा असं केलंत तर उतरेलच असं नाही. हा हात जन्मभर असाच राहील. कळतंय का?"

कळलं. पट्टा बांधून आणि व्यायाम करून सूज हळूहळू उतरली. अंगठी मी जोडून घेतली नाही. क्रुसाच्या साखळीत घातली आहे, तशीच उघडी.

*

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला रविवार आला. मी खूप दिवसांनी मोठ्या मिस्सेला गेले. बाजूच्या दारापाशी, पंख्याखाली बसले. शुभवर्तमानाचं वाचन होतं येशू रानात उपाशी असतो आणि सैतान येतो ते. दरवर्षी तेच असतं. दरवर्षी मी ऐकत होते आणि दरवर्षी मला वाटायचं, हे भुकेबद्दल आहे.

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यातला 'जर' ऐकू आला. जर तू देवाचा पुत्र असशील, तर या धोंड्यांच्या भाकरी कर.

फादर पुढे काय बोलले ते मी ऐकलंच नाही. मी त्या 'जर'पाशीच थांबले. भाकरी करण्यात वाईट काय होतं? त्याला भूक लागली होती. त्याला करता आल्या असत्या. भाकरी काही चोरीची नव्हती. तरी त्याने केली नाही. का? कारण मागणाऱ्याला भाकरी नकोच होती. त्याला पुरावा हवा होता.

आणि थोड्याच दिवसांआधी नदीवर, येशूच्या स्नानसंस्काराच्या वेळी, आकाशातला बाप म्हणाला होता, हा माझा मुलगा, माझा लाडका. तेव्हा येशूने काय केलं होतं? काहीच नाही. एक चमत्कार नाही, एक उपदेश नाही. पाण्यात उतरला होता आणि वर आला होता, एवढंच. काम करायच्या आधीच बापाने त्याला आपलं म्हटलं. मग त्याने सैतानाला काय म्हणून दाखवायचं?

शेवटी क्रुसावरही लोक तेच म्हणतात. असशील तर खाली उतर. तो उतरत नाही.

मला वाटलं, माझाही स्नानसंस्कार झाला तेव्हा मी तान्ही होते. मूठसुद्धा उघडत नव्हती. फुगे कुठले आणि बादल्या कुठल्या. तेव्हाच माझं नाव घेतलं गेलं होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगता येत असतं तर इतकं लिहिलं कशाला असतं.

*

ईस्टरनंतर मार्सेलिनवहिनीच्या मुलाचं लग्न ठरलं. वहिनी पेढे घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "फुगे तुझ्याकडे."

इनास म्हणाला, "वहिनी, तिचा हात..."

"एवढा मोठा टोप नाही करत. थोडेच. आता बरी झालीय ना ती?"

तो विषय तिथे राहिला. पण वहिनी गेल्यावर आयच मला समजवायला लागल्या. "बस गं एकदा कढईवर. आळीत काय बोलतात तुला ठाऊक नाही. म्हनतात, रेजिनचा हात गेला. म्हनतात, आजार आतमध्ये आहे अजून. एक कढईभर घानी काढ, सगळ्यांची तोंडं बंद होतील. मग नको बसू."

त्या माझ्या बाजूनेच बोलत होत्या. हेच तर अवघड होतं. शत्रूला नाही म्हणता येतं. जिने लुगडं फाडून दिलं तिला काय म्हणणार?

मी ना हो म्हटलं, ना नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ हो असा होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीच्या अंगणात चिकूच्या झाडापलीकडे मांडव घातला होता. चूल पेटली होती. टोपातलं पीठ फुगून काठापर्यंत आलं होतं आणि माडीचा आंबूस वास सुटला होता. बायका गोल बसून गाणं म्हणत होत्या. माझा नेहमीचा लाकडी पाट वहिनीने स्वतः घासून धुऊन कढईपाशी मांडला होता. ते बघून मला भरून आलं. माझी जागा कोणी घेतली नव्हती.

मी पाटावर बसले. गाणं थांबलं.

कोणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. सगळ्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. आय मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी हात पिठात घातला. पीठ कोमट होतं, मऊ होतं, आणि हाताला सगळं आठवत होतं. मूठ भरली. आता फक्त आवळायची होती. तेल तापलं होतं, त्याची धग कोपरापर्यंत येत होती. दुखत अजिबात नव्हतं.

पण त्या शांततेत मला तो 'जर' ऐकू आला. जर बरी झाली असशील, तर. मला एकदम कळलं की इथे फुगे कोणालाच नको आहेत. एक काढला तर घाणी, घाणी झाली तर टोप, हे लग्न झालं की पुढचं. या 'जर'चं पोट कधी भरत नाही.

मी मूठ उघडली. पीठ परत टोपात सोडलं.

"वहिनी, मी नाही काढत."

माझा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. तसा तो काही मोठा नसणार, पण मांडव गप्प होता.

"म्हणजे?" मार्सेलिनवहिनी म्हणाली. "रेजिन, लग्न माझ्या मुलाचं आहे. दुखतंय का?"

"नाही दुखत."

"मग जमत नाही का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? करून तर बघ!"

"करून नाही बघणार," मी म्हणाले. "मी तिथे बसते." आणि पिठाचा हात तसाच पुढे धरून जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मी बोलले नव्हते? अजून बरी नाही ती." ते मला ऐकू यावं असंच म्हटलं होतं. खरं सांगते, तेव्हा उठून परत पाटावर जावंसं वाटलं. एक फुगा, एकच, गोल, तिच्या डोळ्यांसमोर तेलात सोडावा. कढईपाशी बसल्यावर मूठ उघडायला जेवढं बळ लागलं, त्याहून जास्त त्या खुर्चीत बसून राहायला लागलं. मी खुर्चीचा दांडा उजव्या हाताने धरून ठेवला.

तेवढ्यात आय आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तांब्या आणला होता. माझा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्यावर पाणी घातलं. "गार पानी आहे," म्हणाल्या, "घाबरू नको." एकेक बोट धुतलं. मग लुगड्याच्या पदराने पुसलं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, लहान मुलाचे हात पुसतात तसं. आणि तो हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"असू दे इथे," म्हणाल्या.



*

मार्सेलिनवहिनी थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने साडी खोचली आणि माझ्या पाटावर धपकन बसली. "आता हसा सगळ्या," म्हणाली, "नंतर हसाल तर मी ऐकून घेणार नाही."

तिने मूठ भरली, जोरात आवळली, गोळा तोडला. तेलात पडला आणि त्याच्यामागून ही लांब शेपटी. दुसऱ्याला दोन. तिसरा तर कढईत वळवळत कडेला जाऊन बसला.

"अगो, हे फुगे नाही," एक म्हातारी म्हणाली, "उंदीर तळलेत वहिनीने!"

सगळा मांडव हसायला लागला. वहिनीसुद्धा. "रेजिन, अगं काहीतरी सांग की!" ती ओरडली.

"हळू आवळा," मी खुर्चीवरून म्हणाले. "एवढी नका दाबू, सुनेचा गळा नाहीये तो."

बायका इतक्या हसल्या की कोणीतरी टोपाचं झाकण पाडलं. त्या आळीत इतकी वर्षं काढून मी कोणाची थट्टा केली अशी ती पहिली वेळ. माझं मलाच नवल वाटलं. कढईपाशी होते तोवर मला थट्टा करायला फुरसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणात प्रत्येक ताटात उंदीर होते. काही तेलकट, काही मधे कच्चे. नवऱ्या मुलाचे मित्र शेपट्या मोडून आधी खात होते. मार्सेलिनवहिनी नव्या साडीत, घामाघूम, बशी घेऊन माझ्याकडे आली.

"खा. उंदीर आहे, पण माझ्या हातचा."

मी खाल्ला. मधे जरा कच्चा होता. इतक्या लग्नांत दुसऱ्या कोणी केलेला फुगा मी पहिल्यांदाच खात होते, तोही बसून.

*

सगळं गोड झालं असं नाही. आळीत अजून काहीजणी म्हणतात की रेजिनचा आजार गेलेला नाही. पुढच्या लग्नाला मला कोणी विचारलं नाही. त्या दुपारी मी अंगणात केर काढत होते, पलीकडून गाणी ऐकू येत होती, आणि रडू आलं. ते येतं. येऊ द्यावं. तपासणीच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. पण सूज परत आलेली नाही. इनास म्हणतो माझा चेहरा सैल झालाय. तो केळीच्या घडाबद्दल बोलतो त्याच सुरात म्हणतो, म्हणून मला खरं वाटतं.

हात पहिल्यासारखा चालला असता का? मला माहीत नाही. ते करून बघायचं मी सोडून दिलं आहे.

आता तुझ्यासाठी, मोगऱ्यावाल्या बाई. तुला कोणी फायटर म्हणेल. कोणी विश्वास मोजायला येईल. कोणी नुसतंच, प्रेमाने, बादलीकडे बघेल. तो 'जर' कोणाच्याही तोंडून येतो, जास्त करून आपल्याच. आला की ओळख. रडलीस, ओकलीस, घर पसरून पडून राहिलीस, तरी ज्याने तुझं नाव घेतलं त्याने ते काही बघायच्या आधीच घेतलं आहे. मला एवढंच कळलं आहे. जास्त कळलं असतं तर सांगितलं असतं.

रविवारी मिस्सेनंतर पुन्हा तुझ्याकडे येईन. कदाचित परत काही बोलणार नाही. चहा घेईन, ओट्यावर बसेन, डावा हात मांडीवर ठेवून. सोबत मार्सेलिनवहिनी येणार आहे. तिने तुझ्यासाठी डबाभर उंदीर करायचं कबूल केलंय. शेपट्या आता जरा आखूड झाल्यात, म्हणते.